उडत्या गजानं जमवलेलं लग्न

फिडलचा गज तारेवर घासायचा नसतो, उडवायचा असतो. हे मी तरणाबांड होतो तेव्हापासून सांगत आलोय, आणि आजतागायत एकाही माणसानं ते पटवून घेतलेलं नाही.

माझं शिक्षण मराठी तिसरी. दुसरीत मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून त्यांनी मला तिसरीत ढकललं, आणि तिसरीत मला मास्तरांचा कंटाळा आला. पण फिडलच्या बाबतीत मी कुणाला हार जाणार नाही, कारण ती विद्या मी थेट इटली मुलखातनं आणली आहे. (आणली म्हणजे बघितली. पण बघून शिकलेलं तेच खरं, बाकी सगळी नुसती हजेरी.)

लढाईचे दिवस होते. साताऱ्याला जाऊन मी फौजेत भरती झालो. गोऱ्या साहेबानं माझी उंची बघितली, छाती बघितली, चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं आणि मला खेचरांवर नेमलं. खेचरं हाकत हाकत आमची तुकडी इटलीतल्या एका डोंगरी गावात जाऊन पडली. तिथं बूट शिवणारा एक म्हातारा रोज दिवस कलला की दारात उभा राहून फिडल वाजवायचा. उभा राहून! हनवटीखाली धरून! आमच्याकडं फिडलवाला मांडी घालून बसणार, फिडलचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवणार आणि गज असा संथ ओढणार, की जणू दुभत्या म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवतोय. ह्या म्हाताऱ्याचा गज तारेवर ठरतच नव्हता. उड्या मारत होता! तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसे सूर तडतड उडत होते. माझं खेचर माणसालासुद्धा किंमत द्यायचं नाही, पण तेसुद्धा कान टवकारून उभं राहिलं.

त्याची बोली मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती, त्यामुळं शिकवणी फार बेस झाली. तो ओरडायचा, मी मान हलवायचो. त्यातनं मला कळलं ते असं, की उडत्या गजाचे तीन प्रकार. पहिल्यात गज वरनं तारेवर टाकायचा आणि प्रत्येक सुराला उचलायचा. त्याला मी नाव ठेवलं ‘बेडूक’. दुसऱ्यात गज मधोमध तारेवर ठेवून नुसतं मनगट भराभर हलवायचं. मनगट सैल असेल तर गज आपसूक थुईथुई उडायला लागतो. त्याचं नाव ‘फुटाणा’. आणि तिसरा सगळ्यात अवघड. चपटा दगड तळ्यात तिरका फेकला की तो पाण्यावरनं टप टप टप उड्या घेत जातो, पोरं त्याला भाकऱ्या काढणं म्हणतात. तसा गज एकदाच फेकायचा आणि एका फेकीत पाच-सहा सूर काढायचे. ही ‘भाकरी’. म्हातारा माझ्या मनगटावर चापट्या मारून एकच शब्द सारखा बोंबलायचा. त्याचा अर्थ ‘सैल सोड’ असावा. ‘चालता हो’ असाही असेल. मी पहिला धरला.

तुकडी हलायच्या वेळी मी त्याला दुधाचे डबे, साखर आणि माझी लोकरी बंडी दिली. त्यानं मला एक जुनं फिडल, गज आणि राळेची एक वडी दिली. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक. ती गजाच्या केसांवर घासली तरच केस तार धरतात, नाहीतर कितीही ओढा, आवाज नाही. ही वडी रंगानं पिवळीलाल, उन्हात धरली तर आरपार दिसायची. एवढं ध्यानात ठेवा.

घरी आलो. घर म्हणजे आष्ट्याच्या शिवारात मळ्यातलं. ऊस, बैल, म्हशी आणि आमचे आबा. आबांचा गूळ दहा गावांत नावाजलेला होता, आणि नावाजलेला आहे हे अकराव्या गावाला सांगायचं काम आबा स्वतः करायचे. पोरगा लढाईवरनं काय घेऊन आला बघायला सगळी वस्ती गोळा झाली. मी उभा राहिलो, फिडल हनवटीखाली धरलं आणि बेडूक सोडला.

“दत्त्या,” आबा म्हणाले, “गालगुंड झालंय का रं तुला?”

“न्हाई आबा, त्ये असंच धरायचं असतंय.”

“आन् ती काडी कशापायी आपटतुयास?”

“काडी न्हाई, गज. त्यो उडवायचा असतो.”

“इटीदांडू हाय व्हय? तिकडं गोळ्या उडत हुत्या आन् तू ह्ये शिकत हुतास?”

आई म्हणाली, “आसूं द्या की. जित्ता आलाय न्हवं!” (माझ्या वाजवण्याला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद. ती अशी होती.)

मी मागं हटणाऱ्यातला नव्हतो. सकाळी बेडूक, दुपारी फुटाणा, आणि तिन्हीसांजेला भाकरी. भाकरी करताना गज हातातनं निसटायचा. एकदा आमटीत पडला. एकदा आबांच्या हुक्क्यावर. म्हशीनं दूध चोरायला सुरुवात केली तेव्हा आबांनी मला वाद्यासकट उसात घालवलं. तिथं माझा हात बसायला लागला. बेडूक जमला. भाकरी बरी जमली. फुटाणा तेवढा येईना, कारण माझं मनगट काही केल्या सैल सुटेना. खेचराचा लगाम धरून धरून ते लाकूड झालं होतं.

अशात मी हळदीची गाडी घेऊन सांगलीच्या पेठेत गेलो. माल उतरेपर्यंत गाडीवर बसून फुटाण्याचा सराव म्हणून चाबकाचा दांडा बैलाच्या वशिंडावर हलकेच थुडथुडवत होतो. तेवढ्यात मागनं कुणीतरी बोललं, “आवं, त्यो बैल हाय का तबला?”

वळून बघतो तर एक पोरगी. डोक्यावर भाकरीची पाटी, डोळ्यांत चेष्टा. ती पेठेत तोलाई करणाऱ्या अण्णांची मुलगी हौसा. बापाला जेवण घेऊन आली होती.

मी ताठ बसून सांगितलं, “ही इटलीची विद्या हाय.”

“आस्सं! मग बैलाला तिकडंच न्या की. हितलं बैल मराठी हाईत!”

आणि हसत हसत निघून गेली. झालं! मी मळ्यावर येऊन आबांना सांगून टाकलं, लग्न करीन तर सांगलीच्या हौसाशीच, नाहीतर परत खेचरांत जाईन.

आबांनी निरोप धाडला. तिकडनं उलट निरोप आला तो पोरीच्या बापाचा नव्हता, मामाचा होता. ह्या तात्यामामांची ओळख आधी करून देतो. ते एका नाटक कंपनीत फिडल वाजवायचे. कंपनी बुडाली, पण मामांचं बोलणं तरंगत राहिलं. बोलत जागे व्हायचे, बोलत जेवायचे, आणि झोपेतसुद्धा दुसऱ्याला गप बसवायचे. त्यात हौसाचे वडील अण्णा म्हणजे स्वभावानं गाय. तोंड उघडलं की मामा म्हणायचे, “दाजी, तुम्ही बोलू नका, मी बोलतो.” लग्नापासून अण्णांचं एकही वाक्य पुरं झालं नव्हतं म्हणे.

मामांचा निरोप असा, की मुलगा फिडल वाजवतो हे कानावर आलं आहे, घर बघायला येऊ आणि हातही बघू. हात सुरेल असेल तर विचार करू, नाहीतर कवठे महांकाळचा एक तलाठी मुलीला मागणी घालून बसलाय, दुसऱ्या दिवशी तिकडची सुपारी फोडू. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग कुणाचा बाप ती मोडू शकत नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणजे माझा सगळा संसार आता त्या गजावर लोंबकळत होता!

आबा म्हणाले, “दत्त्या, त्या दिसापुरतं घासून वाजीव. उडवू नगं. मामा जुन्या वळणाचा हाय.”

“आबा, गज उडतो.”

“आरं पण पोरगी जाईल!”

“जाऊंदे. गज उडतो म्हंजी उडतो.”

(पोरगी जाऊ दे असं मी म्हणालो खरं, पण त्या दिवशी मला भाकर गेली नाही.)

पाहुणे आले ते ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत. थंडी पडलेली, मळ्यात काहिलीतला रस कढतोय, सगळीकडं गुळाचा वास आणि त्या वासावर गांधीलमाश्यांची जत्रा. थंडीनं राळ ठिसूळ होऊन चुरा पडायला लागला होता, म्हणून मी ती वडी फडक्यात गुंडाळून चुलीमागच्या कोनाड्यात उबेला ठेवली होती. चांगली अक्कल होती ती! घोटाळा एवढाच, की पाहुण्यांसाठी पहिल्या काहिलीच्या गुळाचा चांगला पिवळालाल, आरपार खडा आईनंही फडक्यात गुंडाळून त्याच कोनाड्यात ठेवला होता. मी तिला विचारलं नाही, तिनं मला सांगितलं नाही.

सांगलीच्या सर्व्हिस मोटारीतनं उतरून तात्यामामा पांढरा कोट, काळी टोपी आणि मागं अण्णा असे मळ्यात शिरले. मामांचं बोलणं बांधावरनंच ऐकू यायला लागलं.

“घराचं तोंड चुकलंय. गोठा डावीकडे हवा होता. विहीर बरी आहे, पण पाणी जड दिसतंय. दाजी, जपून, तिथं शेण आहे.”

“व्हय, मी बघि—”

“बोलू नका, पाय घसरेल.”

सोप्यात घोंगडी अंथरली होती. पाहुणे टेकले. दारात आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी द्यायचं, मग बाकीचं. आई कोनाड्याकडं गेली, फडकं सोडलं, वडी फोडली आणि ताटलीत घालून बाहेर आणली. मामांनी सगळ्यात मोठा तुकडा उचलून उजेडात धरला.

“वा! गूळ असा काचेसारखा असावा!”

अण्णांनीही हात पुढं केला. मामा म्हणाले, “दाजी, तुम्हाला खोकला आहे. तुम्ही नुसतं पाणी घ्या.” आणि स्वतः तो तुकडा दाढेखाली घालून कडकन फोडला.

मी त्या वेळी आत होतो. कोनाड्यातलं उरलेलं फडकं सोडलं आणि आतली वडी गजाच्या केसांवर वरनं खाली दणादण घासली. आज राळ जरा ओलसर लागली. मला वाटलं, उबेला ठेवल्याचा गुण आला!

बाहेर मामा चावता चावता सांगत होते, “गज म्हणजे काय? गज म्हणजे श्वास. तो तारेला कधी सोडायचा नाही. गज आणि तार यांचा संबंध असा घट्ट, असा चिकट, असा की एकदा का टेकला की—”

आणि वाक्य तिथंच थांबलं. मी बाहेर आलो तर मामा गप बसलेले. दोन्ही जबडे घट्ट मिटलेले, डोळे मोठे, मुद्रा गंभीर. मला भरून आलं. एवढा मोठा वादक, पण दुसऱ्याचं ऐकायचं म्हटल्यावर कसा शब्द गिळून बसला! अण्णा मात्र मामांकडं दचकून बघत होते.

मी उभा राहिलो. फिडल हनवटीखाली. आबांनी डोळे मिटले, ते दाद द्यायला नव्हे. मी बेडकाचा पवित्रा घेतला आणि गज तारेवर टाकला.

तो टाकला तिथंच राहिला.

उचलला तर फिडल उचललं जाई! चिखलात रुतलेल्या बैलासारखा गज तारेला धरून बसलेला. जोर लावला तेव्हा ‘क्रॅंव’ असा आवाज करून सुटला आणि लगेच पुढल्या तारेला चिकटला. मी भाकरी फेकून बघितली. भाकरी तव्याला लागली! मामा सांगत होते तसा गज आणि तारेचा संबंध मी साधला होता, आणि मामांच्या तोंडातनं एक अक्षर फुटत नव्हतं. फुटणार कसं? राळ लाळेत आणि तोंडाच्या उबेत मऊ होऊन त्यांच्या खालच्या-वरच्या दाढांची सोयरीक लावून बसली होती. ते तोंड सोडवायला मान डावी-उजवी करत होते, “ऊं! ऊं!”

आबांनी डोळे उघडले. “बगा! मामांनी मान डोलवली!” ते आनंदानं म्हणाले. “दत्त्या, घास तसंच!”

घासतो कसला! गुळाच्या वासानं पहिली गांधीलमाशी आली, ती गजावर बसली. मग दुसरी. मग गुऱ्हाळावरच्या सगळ्या जणींना निरोप गेला असावा. पण शिपाईगडी मी, माघार घेतो होय? केस चिकटतात तर चिकटू देत, म्हणून मी गज सरळ उलटा केला आणि लाकडाच्या बाजूनं तारेवर धरला. त्याच घडीला एक गांधीलमाशी येऊन माझ्या उजव्या मनगटावर बसली.

आणि मनगट सैल सुटलं!

इटलीतल्या म्हाताऱ्याला जे चापट्या मारून जमलं नाही, ते एका माशीनं नुसतं बसून करून दाखवलं. भीतीनं हात असा थरथरायला लागला, की गजाचं लाकूड तारेवर ताडताडताडताड नाचलं. फुटाणा! अस्सल फुटाणा! म्हाताऱ्याची नाचाची चाल मी अशी वाजवली, की गुऱ्हाळावरचे गडी चिपाडं टाकून कुंपणाशी आले. (ते माश्या कुठं गेल्या बघायला आले होते असं आबा म्हणायचे. आबांचं काय ऐकता!)

पण ज्या माणसानं जन्मभर गजाला श्वास मानला, त्याच्या पुढ्यात एक खेचरवाला गज उलटा धरून लाकडानं तारा बडवतोय! मामांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. ते ताडकन उठले, तोंडाकडं बोट केलं, गजाकडं बोट केलं, कपाळावर हात मारला.

“म्हणत्यात, शब्द न्हाईत!” आबांनी अण्णांना समजावून सांगितलं.

मामा पुढं झाले आणि त्यांनी माझ्या हातातला गज हिसकावला. गज त्यांच्या तळव्याला चिकटला. माश्यांनी मालक बदललेला बघितला आणि त्या मामांच्या मागं लागल्या. मामा टाकायला बघतात, गज सुटत नाही; माश्यांना हाणायला बघतात, गज हवेत सपासप फिरतोय. सोप्याच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत मामा “ऊं! ऊं!” करत नाचले. मी सांगतो, गज तेवढा उंच उडालेला मी इटलीतसुद्धा बघितला नाही.

शेवटी मी घोंगडं झटकून माश्या पांगवल्या. आई धावत आली. मामांनी ताटलीकडं बोट केलं, मग आपल्या दातांकडं.

“आगं बया!” आई म्हणाली. “आवं, पाव्हण्यांच्या दातांत गूळ बसला!”

झालं. आबांच्या वर्मी लागलं. सोयरीक, फिडल, माश्या, सगळं विसरून ते उठले. “माझा गूळ दातांत बसतोय? धा गावांत इचारा! माझा गूळ लोण्यागत विरघळतो!” असं म्हणून त्यांनी ताटलीतला उरलेला तुकडा उचलला.

तो तुकडा मला दिसला. त्याच्या अंगावर मधोमध एक चर होता, आणि तो चर मी ओळखला. गज घासून घासून राळेच्या वडीला पडतो ना, तो!

“आबा, थांबा! त्यो गूळ न्हाई!”

“तू मला गूळ शिकीवतो व्हय रं?” आबा म्हणाले, आणि कडकन चावले. चांगला चघळला. आपला गूळ उत्तम आहे हे पाहुण्यांना दिसावं म्हणून हसत हसत चघळला. मग ते हसू तसंच राहिलं.

आता सोप्यात असा देखावा. इकडं तात्यामामा, हाताला गज, तोंड बंद. तिकडं आबा, चेहऱ्यावर हसू, तोंड बंद. दोघं एकमेकांच्या तोंडासमोर तोंड आणून “ऊं?” “ऊं!” “ऊं ऊं!” अशी बोलणी करतायत, आणि ह्या दोघांवाचून दोन्ही घरांत सोयरिकीचं बोलायची सवय कुणालाच नव्हती. मी मनात म्हणालो, गेली. हौसा गेली. उद्या तलाठ्याची सुपारी फुटणार आणि मी जन्मभर बैलांना इटली शिकवत बसणार.

तेवढ्यात अण्णा खाकरले.

“मी काय म्हणतो...” ते म्हणाले, आणि सवयीनं थांबून मामांकडं बघितलं.

मामा काही बोलले नाहीत.

“मी काय म्हणतो,” अण्णा जरा मोठ्यानं म्हणाले, “गोठा हाय तितं ब्येस हाय.”

“ऊं!” मामा म्हणाले.

“आन् पाणी बी काय जड न्हाई. गोड हाय.” अण्णांनी घोंगडीवर मांडी बदलली. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की जणू बारा वर्षांच्या दुष्काळानंतर कुणाच्या विहिरीला झरा लागला. आणि मग अण्णा बोलले. हळदीवर बोलले. खोकल्यावर बोलले, खोकल्यात गूळ चालतो असं बजावून बोलले. स्वतःच्या लग्नात जे बोलायचं राहिलं होतं तेही बोलून घेतलं. मामा प्रत्येक वाक्याला उडी मारून “ऊं” करत होते, आणि अण्णा त्यांना सांगत होते, “तात्या, तुमी बोलू नगा, मी बोलतो.”

मग ते माझ्याकडं वळले.

“जावईबापू,” ते म्हणाले. जावईबापू! “वाजीवण्यातलं मला काय कळत न्हाई. तुमी काय वाजीवलं त्ये देवाला ठावं. पण ज्या घरात आमच्या मेव्हण्याचं त्वांड बंद हुतंय, त्या घरात माझी ल्येक सुखानं नांदंल. पोरगी दिली! आणा सुपारी!”

आबांनी दोन्ही हात वर करून “ऊंऽऽ!” केलं. ते होकाराचं होतं. मामांनी गजासकट दोन्ही हात वर करून “ऊंऽऽ!” केलं. ते नकाराचं होतं. पण ऐकणाऱ्याला दोन्हींत फरक काय कळणार! एरवी आमच्यात सुपारी घरातला कर्ता पुरुष फोडतो. आमचा कर्ता पुरुष दातांत अडकला होता, म्हणून आईनंच वरवंटा घेतला आणि एका दणक्यात सुपारी फोडली. अर्धी अण्णांच्या हातावर, अर्धी माझ्या हातावर. तिसरा बारका तुकडा उडून मामांच्या कोटाच्या खिशात गेला, म्हणजे त्यांचीही संमती आलीच.

मग मी दोघांना गोडंतेलाच्या गुळण्या दिल्या. राळ तेलानं सुटते, एवढी विद्या माझ्याकडं होती. आबांचं तोंड आधी उघडलं.

“दत्त्या,” ते धापा टाकत म्हणाले, “ह्यो गूळ आपला न्हाई!”

मग मामांचं उघडलं. एवढा वेळ कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. “लाकडानं! गज उलटा! अहो लाकडानं वाजवलं यानं! हे वाद्य आहे का सरपण? ही सोयरीक मला मान्य नाही! दाजी, तुम्ही काही बोलू नका!”

“बोलून झालं तात्या,” अण्णा शांतपणे म्हणाले. “सुपारी फुटली.”

मामा खाली बसले. पाणी मागितलं. आईनं रीतीप्रमाणं पाण्याबरोबर गूळ पुढं केला, तेव्हा टोपी न घेताच ते मोटारीकडं चालू लागले.

लग्न फार थाटात झालं. लोक म्हणतात ते राळेमुळं झालं, आई म्हणायची सुपारीमुळं, अण्णा शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्यांच्या भाषणामुळं. मी अजून सांगतो, ते फुटाण्यामुळं झालं. वाजवणं ऐकून समोरचा माणूस निःशब्द झाला, ह्याला साक्षीदार आहेत!

हौसा घरी आली. पंधरवडाभर तिनं माझं वाजवणं ऐकून घेतलं, डोक्यावरचा पदर दोन्ही कानांवर घट्ट ओढून. जोंधळा हुरड्यात आला तशी एका सकाळी फिडल माझ्या हातात देत म्हणाली, “आवं, लय ग्वाड वाजीवता. पण ह्या सोप्यात आवाज कोंडतो. रानात माळ्यावर बसून वाजवा, लांबवर जाईल.”

तिला माझी कदर आहे हे मला पटलं. बायको असावी तर अशी! दिवसभर मी जोंधळ्यात उंच मेढींवर बांधलेल्या त्या माळ्यावर उभा राहून बेडूक, फुटाणा, भाकरी, सगळं मोकळ्या आभाळाखाली वाजवलं. सुगीभर वाजवलं. सुगी झाली आणि लोक बघायला आले, कारण सगळ्या शिवारात कणसं पाखरांनी टोकरून पोकळ केली होती, आणि आमच्या रानात एक दाणा गेला नव्हता. गोफणीला भ्यायचं सोडलेल्या साळुंक्यासुद्धा आमच्या बांधापाशी येऊन उलट्या फिरायच्या.

पुढल्या साली शेजारच्या मळेवाल्यानं घरी माणूस धाडला. तो दारात हात जोडून म्हणाला, “दत्तूदा, मालकांनी सांगितलंय, उद्यापास्नं आमच्या जोंधळ्यात वाजवायला यायचं. मोठा माळा बांधलाय.”

आयुष्यात मला वाजवायला आलेलं हे पहिलं बोलावणं. मी फेटा बांधून गेलो.